एक्स-रे खोलीतल्या पत्र्याबद्दल अधीक्षकांना खुले पत्र

मा. अधीक्षक साहेब,

तुमचं नाव लिहीत नाही, रुग्णालयाचंही नाही. वाचताना ओळख पटेलच, कारण एक्स-रे खोलीतल्या एक्झॉस्ट पंख्यासाठी तीन वर्षांत दिलेल्या सातही अर्जांवर तुमचा शेरा आहे: 'पाहिले.' खोली पाहायला मात्र तुम्ही एकदाही आला नाहीत. तेव्हा ती इथेच दाखवतो.

किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून भिंती जाड, दाराला शिसं आणि खिडकी नाही. ते योग्यच आहे. पण किरण अडवणाऱ्या खोलीत हवाही अडकते. तिला बाहेर काढणारा एक्झॉस्ट पंखा बंद पडला, तेव्हा एसीचा गारवा वाया जाऊ नये म्हणून तुम्ही झरोक्यावर पत्रा ठोकून घेतलात. विचारलं तर म्हणालात, 'झरोक्यातून रेडिएशन बाहेर जाईल.' बाहेरच्या जमिनीपासून 2 मीटरच्या वर झरोका ठेवायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आहे, साहेब. आमचा त्याहून उंच आहे. आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही; खोलीतलीच गार करून परत आमच्या तोंडावर सोडतो.

या खोलीत येतं कोण? दोन आठवडे खोकणारा, संध्याकाळी अंग तापणारा, वजन उतरलेला माणूस. त्याची थुंकी अजून तपासायची असते, क्षय आहे हे त्यालाही ठाऊक नसतं. कागदावर फक्त 'चेस्ट पीए'. मी त्याची हनुवटी स्टँडवर टेकवतो, खांदे पुढे घेतो आणि म्हणतो, 'मोठा श्वास घ्या. रोखा. सोडा.' सोडताना त्याला उबळ येते. त्या खोकल्यातले बारीक कण तासन् तास हवेत तरंगतात. तो पाच मिनिटांत निघून जातो आणि त्याच हवेत पुढचा पेशंट येतो, कधी हात मोडलेलं पाच वर्षांचं पोर. आम्ही तर आठ तास तिथेच. हवेतून पसरणाऱ्या आजारांच्या खोलीतली हवा तासाला 12 वेळा बदलावी, असा दंडक आहे. आमच्याकडे ती दार उघडलं की बदलते, तीही कॉरिडॉरमध्ये बाकावर बसलेल्या लोकांवर.

माझ्या छातीवरचा टीएलडी बिल्ला दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. अंगावर किती किरण पडले याचा हिशेब येतो. तो हातात धरून मीटिंगमध्ये तुम्ही सांगितलंत, 'एक्स-रे विभाग सुरक्षित आहे.' त्या बिल्ल्याला जंतू कळत नाहीत, हे तुम्ही डॉक्टर असून विसरलात.

आणि जंतू फक्त हवेतूनच येत नाहीत. सीटीला डाय देताना आमच्या बोटांत सुया टोचतात. हिपॅटायटिस बीची लस आणि वर्षातून एक आरोग्य तपासणी, दोन्ही 2016च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत आहेत. माझी शेवटची तपासणी नोकरीला लागताना झाली.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे शिकायला आलेली मुलगी खोकू लागली. डार्करूमच्या जुन्या स्टुलावर बसून डबा खायची, तेव्हाही खोकायची. तिचा एक्स-रे मीच काढला. डाव्या फुप्फुसावर वरच्या बाजूला डाग दिसला आणि मला फिल्म खाली ठेववेना. तिला क्षय याच खोलीत झाला, हे मी सिद्ध करू शकत नाही. नाही झाला, हे तुम्ही करून दाखवा. सहा महिने गोळ्या घेऊन ती बरी झाली. आईने तिला परत पाठवलं नाही. शिकणं सोडण्याच्या अर्जात लिहिलं होतं, 'कौटुंबिक कारण.' त्यावरही तुमचा शेरा होता: 'पाहिले.'

तुमच्या दालनाला दोन खिडक्या आहेत, दोन्ही उघड्या असतात. आमचा पत्रा चार स्क्रूंवर आहे. सोमवारी सकाळी ओपीडी सुरू होण्याआधी या, तुमच्यासमोर तो काढू द्या आणि नव्या पंख्याच्या मागणीवर या वेळी 'मंजूर' लिहा.

आपला,
एक क्ष-किरण तंत्रज्ञ