ड्रोन महोदयांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय श्री. ड्रोन महोदय,
मुक्काम आकाश, उंची १२० मीटरपर्यंत.

विषय: महोदयांच्या नावाने भलत्यांनाच ओळखले जात असल्याबाबत.

महोदयांच्या सेवेशी सविनय सादर करण्यात येते की, रविवारी सकाळी शहराबाहेरच्या माळावर रेडिओ-नियंत्रित विमाने उडवणाऱ्या, साठी ओलांडलेल्या छांदिष्टांना अलीकडे एकाच प्रश्नाला वारंवार तोंड द्यावे लागत आहे, आणि रखवालदार, पोलीस शिपाई, गुराखी व खुद्द घरचे जावई अशा सर्व थरांतून तो सारख्याच शब्दांत येतो: ‘काका, हा ड्रोन का?’ विचारणाऱ्यांचा यात दोष नाही. लग्नाच्या चित्रीकरणापासून पिकांवरील फवारणीपर्यंत महोदयांचा संचार इतका वाढला आहे की, आकाशात पक्षी नसलेले आणि प्रवासी नसलेले जे काही दिसेल ते महोदयांच्याच कुळातले समजले जाते.

महोदयांच्या कर्तबगारीबद्दल कोणालाही शंका नाही. चार पंख्यांची ही रचना मुळात अस्थिर असून, यंत्र कोणत्या दिशेला किती वेगाने कलंडते आहे हे मोजणारा जायरोस्कोप आणि वेगातील बदल मोजणारा त्वरणमापक यांच्या नोंदींवरून पोटातला चिमुकला संगणक सेकंदाला शेकडो वेळा प्रत्येक पंख्याची गती कमी-अधिक करतो, तेव्हा कुठे ती हवेत उभी राहते. चालकाने दोन्ही हात मोकळे करून चहा घेतला तरी उपग्रहांच्या संकेतांच्या आधाराने महोदय जागच्या जागी थांबतात आणि बॅटरी उतरू लागली की आपणहून घरी परततात. असा आज्ञाधारकपणा पाहून छांदिष्टांना आदर वाटतो, मत्सर मात्र वाटत नाही. कारण उडण्याचे सारे काम महोदयच उरकतात आणि चालकाच्या वाट्याला केवळ मालकीचे समाधान येते.

बाल्साच्या विमानाला ही सभ्यता ठाऊक नसते. बाल्सा हे मुख्यतः इक्वेडोरमधून येणारे, सागाच्या साधारण चौथाई घनतेचे लाकूड. त्याचे विमान बेतताना गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूवर विमान बोटांवर तोलून राहते तो बिंदू, पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पाव ते तृतीयांश अंतरात आणावा लागतो. तो फार मागे गेला तर पहिले उड्डाण बहुधा शेवटचेही ठरते. वेग मर्यादेखाली उतरला आणि नाक वरच राहिले, तर पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडते व उचल एकाएकी घटते. याला स्टॉल म्हणतात आणि तो सहसा उतरण्याच्या वेळी, प्रेक्षक जमल्यावर येतो. शिवाय विमान चालकाकडे तोंड करून येऊ लागले की उजवीकडची आज्ञा डावीकडे दिसते, त्यामुळे डोक्यातली दिशा क्षणात उलटी करावी लागते. ज्या वयात शब्दकोडी सोडवण्याचा सल्ला मिळतो, त्या वयात हे कोडे ताशी पन्नास किलोमीटर वेगाने अंगावर येते, आणि सुख म्हणतात ते नेमके इथेच आहे.

उरलेला आठवडाही या सुखाच्या तयारीत जातो. पंखांवर चढवायचे प्लॅस्टिकचे पातळ आवरण उष्णतेने आकसून ताणले जाते. त्यासाठी घरातली इस्त्री लागते आणि तिच्या तळाशी चिकटलेला लाल रंग पुढे पांढऱ्या साडीवर उतरतो, त्यावरून होणारा संवाद या पत्राच्या कक्षेबाहेरचा आहे. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरतो, परंतु ठेवून देताना तो ३.८ च्या आसपास राखावा लागतो; स्वतःची रक्तशर्करा मोजण्याचा कंटाळा असणारे गृहस्थ हे मापन मात्र चुकवत नाहीत. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून वर आकाश आणि खाली हातातील ट्रान्समिटरचा पडदा दिसतो, म्हणजे तो चष्मा जणू याच कामासाठी निघाला असावा. काही निष्ठावंत अजून मिथेनॉलवर चालणारी ग्लो इंजिने वापरतात. त्यांच्या इंधनात वंगण म्हणून एरंडेल असते, आणि ज्या द्रव्याने या पिढीचे बालपण कडू केले, त्याच्याच धुराचा वास तिला आता हवाहवासा वाटतो.

वयाचा मुद्दा निघालाच आहे, तर मेनार्ड हिल या अमेरिकन गृहस्थांचा उल्लेख महोदयांच्या माहितीसाठी आवश्यक आहे. ऑगस्ट २००३ मध्ये त्यांचे टॅम-५ हे बाल्साचे विमान न्यूफाउंडलंडहून निघून सुमारे ३,००० किलोमीटरचा अटलांटिक ३८ तास ५२ मिनिटांत ओलांडून आयर्लंडला उतरले. इंधनासह त्याचे वजन पाच किलोंच्या आत होते. हिल त्या वेळी ७७ वर्षांचे होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. त्या विमानातही स्वयंचालक होता, असा आक्षेप महोदय घेतील आणि तो खरा आहे. समुद्रावर त्याला डोळ्यांनी सांभाळणार कोण? परंतु ते उतरवण्यासाठी किनाऱ्यावर एक माणूस ट्रान्समिटर घेऊन उभा होता, आणि स्वयंचालकाकडून ताबा घेण्याचा तो क्षण कोणाही छांदिष्टाला आधीच्या ३८ तासांहून मोलाचा वाटेल.

आता गाऱ्हाणे. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मानवरहित विमानांच्या नागरी वापराला मनाई केली, ती महोदयांच्या वाढत्या लोकप्रियतेपायी; तिची झळ मात्र पेन्शनरांच्या थर्माकोलच्या विमानांनाही लागली. २०२१ च्या ड्रोन नियमांनी ‘मॉडेल’ असा वेगळा वर्ग केला आणि केवळ शिक्षण, संशोधन वा मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या विमानांना प्रकार-प्रमाणपत्रातून सूट दिली, याबद्दल छांदिष्ट कृतज्ञ आहेत. तथापि नियमांचे नाव ड्रोन नियमच राहिले, आणि माळावर हटकणाऱ्या शिपायाने पोटकलमे वाचलेली असतातच असे नाही.

सबब, महोदयांनी यापुढे आपली ओळख आपणच जाहीरपणे स्पष्ट करावी आणि रविवारी नऊपर्यंत माळावरची हवा मोकळी सोडावी. इंजिन बंद पडल्यावरही आमचे विमान घारी घिरट्या घालतात तिथली वर चढणारी उष्ण हवा शोधून बराच वेळ तरंगू शकते. महोदयांनीही इच्छा असल्यास एकदा चारही पंखे बंद करून तरंगून दाखवावे. गुडघ्यांच्या तक्रारींमुळे झेलण्यासाठी कोणाला धावता येणार नाही, याची आगाऊ नोंद घ्यावी.

कळावे. लोभ असावा, मात्र किमान तीस मीटर अंतरावरून.

समस्त वयोवृद्ध विमान-छांदिष्टांतर्फे