काय म्हणता, किलोमीटरला तीन रुपये?

शिव शिव शिव! काय दिवस आलेत पाहा. ज्या नगर जिल्ह्यात (अहिल्यानगर म्हणा, जीभ वळायला वेळ लागतोय) माणसाचं वजन त्याच्या पांढऱ्या फॉर्च्युनरच्या धुरळ्यावरून ठरायचं, तिथे लोक आता चारचौघांत, मोठ्या आवाजात, विजेचं बिल वाचून दाखवायला लागलेत. तेही कोण? ऊसतोडीचे ठेकेदार, शिर्डीचे हॉटेलवाले, सावेडीतल्या ज्या घरांत नवराबायको दोघंही डॉक्टर आहेत ती घरं. गाडी पन्नास लाखांची आणि गप्पा पैशापैशाच्या!

परवा पारनेरकडे एका मळ्यात हुरड्याला गेलो होतो. आगटीभोवती मंडळी बसलेली, पुढ्यात लसणाची चटणी, गूळ, दही. पण कणसाकडे लक्ष कुणाचं? बांधाला उभ्या असलेल्या त्या गुळगुळीत, आवाज न करणाऱ्या गाडीकडे. शेवटी एकाला राहवेना.

"दादा, ॲव्हरेज किती देती?"

"ॲव्हरेज डिझेलच्या गाडीला असतं. हिची एफिशियन्सी बघायची," दादा म्हणाले आणि मोबाइल काढला. "युनिटला सहा किलोमीटर. घरी चार्ज केली तर किलोमीटरला तीन रुपये. फक्त तीन!"

सगळे गार. तेवढ्यात कणसं चोळता चोळता त्यांच्या मावशींनी विचारलं, "एवढी स्वस्त आहे तर पन्नास लाख कशाचे दिले रे?"

मावशींना उत्तर मिळालं नाही, हुरड्याची दुसरी ताटली मिळाली.

आता या कुजबुजीच्या नायिकेची ओळख करून घ्या. बीएमडब्ल्यूची आयएक्स१, लांबवलेल्या व्हीलबेसची, चेन्नईत जुळणी होणारी. जानेवारी २०२५ मध्ये ४९ लाख एक्स-शोरूम भावाने आली आणि खळबळ माजली ती भावामुळेच, कारण तिची पेट्रोलवाली बहीण जवळपास त्याच किमतीला होती. बॅटरी ६६.४ युनिटांची, कागदावरची रेंज ५३१ किलोमीटर. मागोमाग व्होल्वोची ईएक्स३० आली, ४१ लाखांची. मर्सिडीजची ईक्यूए त्याआधीच, २०२४ मध्ये, ६६ लाखांना येऊन बसली होती. म्हणजे स्थळं भरपूर!

खरी लाज वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी, मोठ्या पेट्रोल-डिझेल एसयूव्हीवर ४० टक्के. आणि या अर्ध्या कोटीच्या विजेरी महाराणीवर? पाच. पाथर्डीचा शिक्षक कर्ज काढून छोटी गाडी घेतो त्याला अठरा टक्के आणि हिला पाच! राज्य सरकारला मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात जरा जाग आली होती. तीस लाखांवरच्या विजेरी गाड्यांवर सहा टक्के कर लावायचं ठरलं. महिना सरायच्या आत तो मागेही घेतला. कुणी कुणाला फोन केले, ते आम्ही का सांगावं?

त्यात टोलमाफी. ऑगस्ट २०२५ पासून विजेरी मोटारींना अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर टोल माफ व्हायला लागला. समृद्धीचा टोल किलोमीटरला दोन रुपयांच्या आसपास, म्हणजे शिर्डी ते नागपूर एका खेपेला हजारेक रुपये वाचले. पण नगरकरांचं नशीब बघा. समृद्धी या एवढ्या अवाढव्य जिल्ह्याला शिवते ती फक्त कोपरगाव तालुक्यात. तिथवर पोचायचं तर शंभरेक किलोमीटर नगर-मनमाड रस्ता. त्या खड्ड्यांची ख्याती काय वर्णावी! दोन टनांची गाडी, खाली महागडे टायर. एक टायर गेला की वाचवलेला सगळा टोल व्याजासकट परत.

आणि समृद्धीला लागल्यावर तरी? तिथे १२० ची मुभा, त्यामुळे दादांचा पाय तिथेच. आता त्या ५३१ चं गुपित ऐका. हा आकडा ज्या चाचणीचक्रातून निघतो त्याचा कमाल वेगच ताशी ९० किलोमीटर, तोही थोडाच वेळ; बाकी बहुतेक शहरी रमतगमत, बंद खोलीत रोलरवर. वाऱ्याचा अडथळा मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १२० वर गेलात की किलोमीटरमागे वाऱ्याशी झुंजायला सव्वादोन पट ऊर्जा लागते. मग ५३१ चे चारशे होतात, कधी त्याहून कमी. गाड्या तपासणारी संरक्षण खात्याची व्हीआरडीई आपल्याच नगरात, वाहननगरला आहे. निदान या गावाला तरी चाचणीचा आकडा आणि रस्ता यांतला फरक ठाऊक असायला हवा! उलट चंदनापुरी घाट उतरताना गाडी थोडी वीज परत कमावते, तेव्हा मालकाचा चेहरा बघावा. जणू महावितरणलाच लुटलं.

महावितरणचं नाव निघालंच आहे तर घरची भानगडही ऐका. साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर ही बॅटरी भरायला वीस तासांच्या वर लागतात. अकरा किलोवॉटचा चार्जर लावला तर सहा-सात तास, पण त्याला थ्री फेज हवं, मंजूर भार वाढवून घ्यायला हवा. महिन्याला साडेबाराशे किलोमीटर म्हणजे भिंतीतून सव्वादोनशे-अडीचशे युनिट ओढले जातात. घराचा वापर आधीच तेवढा असेल तर नवे युनिट चढत्या टप्प्यांत पडतात. सरासरी पंधरा रुपये धरा, म्हणजे दादांचे तीन रुपये बरोबर आहेत. बाहेरच्या फास्ट चार्जरवर वीस-पंचवीसचा भाव आणि वर जीएसटी, तिथे पाच मोजा. (मळ्यातल्या मोफत पंपाच्या लाइनवर कुणी रात्रीचं चार्जिंग करतं म्हणे. आम्ही पाहिलेलं नाही. पाहणारही नाही.)

बरं, पेट्रोलवालीशी तुलना? लिटरला बारा किलोमीटर आणि पेट्रोल १०५ धरलं तर किलोमीटरला पावणेनऊ. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर फिरलात तर ऐंशी-नव्वद हजार वाचले. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही. हे सगळं खरं आहे, नाकारत नाही.

पण चाळीस लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज ३ लाख ४० हजारांच्या घरात. तेवढ्याच पंधरा हजार किलोमीटरवर वाटून बघा: किलोमीटरला साडेबावीस रुपये. विमा वेगळा, घसारा वेगळा. गाडी म्हणायची विजेवरची, धावते व्याजावर! पन्नास लाखांची पेट्रोलवाली घ्यायचीच होती त्याने ही घेतली, तर तो शहाणा. व्याज दोन्हीकडे सारखंच. पण 'पेट्रोल परवडत नाही' म्हणून धडधाकट क्रेटा विकून ही आणणारे आहेत ना, त्यांचं काय करावं? ज्या जिल्ह्यात हिवरेबाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं, तिथे ताळेबंदाची एकच बाजू वाचणारे निपजावेत!

तेव्हा कुणी तुम्हाला आगटीजवळ गाठून "फक्त तीन रुपये" म्हणालं, तर हुरडा खात राहा आणि हप्ता किती ते विचारा. चौसष्ट हजारांच्या आसपास सांगतील. छतावर सोलर आहे आणि रोजचं फिरणं साठ-सत्तर किलोमीटरचं आहे असं म्हणाले, तर मात्र गाडीत एक चक्कर मागून घ्या. त्यांचं गणित बरोबर असण्याची शक्यता आहे.