राजीचे वकीलपत्र

व्हिडिओ गेममधील, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या आणि बोटांनी चालवायच्या खेळातील, एखाद्या अल्पवयीन पात्राच्या वर्तनाची नैतिक चिकित्सा हा विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या शहरात मुलाने जिन्याच्या किती पायऱ्या एका उडीत उतराव्यात याविषयीही शेजाऱ्यांची ठाम मते असतात, तेथे तो टाळता येण्याजोगा नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने घडवलेला ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि आरोपी त्याचीच नायिका आहे. (याच खेळासाठी २०१७ मध्ये इंटरनेटवरून लोकवर्गणी मागण्यात आली होती व ती पुरेशी जमली नव्हती; गणपतीची वर्गणी मागत फिरलेल्या कोणाही पुणेकराला याचे नवल वाटणार नाही.)

राजी ही खेळ-कसरती करून पोट भरणारी कोवळ्या वयाची मुलगी असून, राखीपौर्णिमेच्या सणात असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि राखी बांधून घेणाऱ्याने रक्षण करावे हा रिवाज उलटा होऊन बहीणच त्याला सोडवायला निघते. येथवर कोणाचीच तक्रार नसावी. तक्रार आहे ती पुढील वर्तनाविषयी : ती कोणाचीही परवानगी न घेता किल्ल्यांत आणि महालांत शिरते, वारसा म्हणून जपाव्यात अशा वास्तूंच्या भिंतींवरून धावते, खांबांना धरून गरगर फिरते आणि समोर आलेल्या असुराची साधी विचारपूसही न करता त्याच्यावर त्रिशूळ चालवते.

बचावाचा पहिला आधार महाभारताच्या आदिपर्वातच मिळतो. मौनव्रती मांडव्य ऋषीला राजपुरुषांनी चोर समजून शुळावर चढवले. पुढे त्याने धर्मराजाला, म्हणजे यमाला, जाब विचारला तेव्हा लहानपणी त्याने कीटकांना गवताची काडी टोचली होती, त्याचे हे फळ असल्याचे उत्तर मिळाले. एवढ्याशा काडीला एवढा शूळ, या हिशोबाने संतापलेल्या ऋषीने यमाला मनुष्यजन्माचा शाप दिला (तोच विदुर) आणि चौदा वर्षे वयापर्यंतचे कृत्य पाप मानू नये अशी मर्यादा घातली. ज्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती पुण्यात विधी महाविद्यालय रस्त्यावर आहे; एकाच रस्त्यावर आदिपर्व आणि कायदा दोन्ही मिळण्याची अशी सोय आरोपीला अन्यत्र क्वचितच लाभेल.

कायदा मात्र ऋषीइतका उदार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नाही आणि सात ते बारा या वयात परिणाम उमगण्याइतकी समज नसेल तरच सुटका होते. राजी हा पुरावा देऊ शकणार नाही, कारण गोलूला कोणी नेले, हे तिला पुरते उमगलेले आहे. तेव्हा बोट वडीलधाऱ्यांकडे वळवणे भाग पडते. त्रिशूळ तिने चोरलेला नाही. तो प्रत्यक्ष दुर्गेने दिला आहे, आणि मुलगी जिवावर उदार होऊन लढत असताना दुर्गा व विष्णू तिच्या प्रगतीवर वाड्याच्या ओट्यावर बसल्यासारखे बोलत राहतात. अशा सल्लागारांच्या देखरेखीखाली वाढलेल्या मुलीने आणखी सभ्य कसे निघावे?

शिवाय पुण्याचा पायंडा राजीच्याच बाजूचा आहे. भा. रा. भागवतांच्या कुमारकथांतील फास्टर फेणेने, म्हणजे फुरसुंगीच्या बनेशने, नको तेथे डोकावण्यात आणि चोरांच्या मागे सायकल दामटण्यात जे बालपण घालवले, त्याबद्दल त्याला कोणी दोष दिला नाही. उलट पिढ्यान्‌पिढ्या वाचकांनी त्याच्यासारखेच ‘ट्टॉक’ केले. जे सायकलस्वार मुलाला माफ, ते भिंतीवरून धावणाऱ्या मुलीला गुन्हा, हा न्याय टिकणारा नाही.

निर्णायक मुद्दा असा, की राजी स्वतःहून एक पाऊलही टाकत नाही. तिला भिंतीवर चढवणारा अंगठा कोथरूडातील एखाद्या पस्तिशीच्या गृहस्थाचा असतो, जो हिंजवडीच्या कचेरीतून थकून येतो, रात्री साडेअकराला आतल्या खोलीकडे पाहून ‘एवढा एक असुर झाला की झोपतो’ असे सांगतो आणि ज्याला मांडव्याची सवलत लागू होत नाही. अर्थात शब्दांचा किरकोळ फेरफार करून हेच वाक्य तो इयत्ता सहावीत आईलाही सांगत असे, ते तेवढे वगळावे.