लाल स्प्रिंगबाईंना खुलं पत्र

श्रीमती स्प्रिंगबाई यांस,

स. न. वि. वि.

आपला पत्ता शोधावा लागला नाही. पुण्यात सायकलच्या कुठल्याही दुकानात शिरलं की पहिल्या रांगेत आपणच. सीटच्या खाली, फ्रेमच्या बरोबर मध्यावर, लालभडक रंगात, अंगावर ‘८५० एलबीएस’ असा भारदस्त आकडा मिरवत. वर्षानुवर्षं सायकलला हात न लावलेला माणूस दुकानात येतो, ‘म्हटलं, पुन्हा सुरू करावी’ असं जरा संकोचून पुटपुटतो आणि दुकानदार त्याला थेट आपल्यापुढे आणून उभा करतो. ‘साहेब, डबल शॉकअपच घ्या. या वयात कंबर सांभाळायला हवी.’

आपल्या या समाजसेवेचा जाहीर सत्कार व्हायला हवा होता. कुणी करेना, म्हणून हे पत्र.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचंच घ्या. शाळा आणि कॉलेज दोन्ही त्यांनी सायकलवर काढलं. तेव्हा त्यात काही कौतुक नव्हतं, अख्खं पुणंच सायकलवर होतं. मग स्कूटर आली, मग कार आली, मग डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट समोर ठेवला. काका दुकानात गेले आणि आपल्याला घेऊन आले. आपली निवड कशी झाली तेही त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं. दुकानातल्या पोरानं सीटवर दोन्ही तळवे टेकवले आणि सगळा भार टाकला. आपण नम्रपणे लवलात. पोरगा म्हणाला, ‘बघा, खड्डा कळणारसुद्धा नाही.’ काकांनीही दाबून पाहिलं. आपण पुन्हा लवलात. सौदा झाला.

बाई, दुकानात आपल्याला दाबून दाखवतात, सोडून कुणी दाखवत नाही. गोम तिथेच आहे. दाबलेली स्प्रिंग जेवढा जोर पोटात घेते, जवळपास तेवढाच उलटा फेकते. तो जिरवायचा तर डॅम्पर लागतो. तेल भरलेली नळी आणि तिच्यात बारीक छिद्रं असलेला दट्ट्या. धक्का बसला की तेल त्या छिद्रांतून रेटलं जातं, तापतं आणि धक्क्याचा जोर उष्णता होऊन निघून जातो. दाबलेला शॉक किती वेगानं परत यावा हे ठरवायला त्यावर एक छोटी चकती असते, आणि रिवाज असा की ती बहुधा लाल असते. आपल्याकडे लाल आहे तो नुसता रंग. आत एक दांडी आणि बोटभर ग्रीस. त्यामुळे खड्ड्यात आपण काकांना अलगद झेलता खऱ्या, पण खड्डा संपला की सीटवरून उडवून त्याची भरपाईही करून घेता.

आपल्या अंगावरच्या त्या आकड्याचं काकांना फार अप्रूप. ८५० पौंड म्हणजे सुमारे ३८५ किलो, ‘आपण तर नव्वदच आहोत!’ आपण त्यांचा गैरसमज दूर केला नाहीत. तो आकडा वजन पेलण्याचा नव्हेच. स्प्रिंग एक इंच दाबायला किती जोर लागेल, त्याचा तो आहे. पन्नास किलोचा कॉलेजकुमार बसला काय आणि नव्वद किलोचे काका बसले काय, आपला हिशेब तोच. अंगावरची ती गोल रिंग पान्यानं फिरवली तरी आपण आधीपासून थोड्या जास्त दाबून बसता, इतकंच. स्वभाव काही बदलत नाही.

चांदणी चौकाच्या चढावर तर आपली सेवा पाहत राहावी. काका उभे राहून पायडल मारतात, आणि तो जोर चेनपर्यंत पोचायच्या आधीच आपण आपला वाटा काढून घेता. पायडल खाली, सीट खाली. पायडल वर, सीट वर. सायकल पुढे कमी जाते, वरखालीच जास्त होते. त्यात आपण, आपल्यासाठी घडवलेले जाड पोलादी नळे आणि आपल्या सांध्यातले प्लॅस्टिकचे बुश असा सगळा गोतावळा धरून सायकल १८ किलोच्या आसपास जाते. नाकापेक्षा मोती जड. एक पावसाळा झाला की बुश ढिले होतात, मागचं चाक डावीउजवीकडे डुलायला लागतं आणि प्रत्येक पायडलला कुईकुई सुरू होते. बाटली अडकवायची जागा आपण अडवलेली, कॅरिअर बसवायला जागाच ठेवलेली नाही. सीट मात्र दुकानदारानं दोन्ही पाय जमिनीला टेकतील एवढी खाली करून दिलेली, म्हणजे पायडल मारताना गुडघा कधी सरळच होत नाही. हे शेवटचं पाप आपलं नव्हे, पण आपल्या शेजारीच घडतं, तेव्हा साक्षीदार म्हणून आपलं नाव घ्यावं लागतंच.

एवढं सोसूनही काकांनी आपल्याला शब्दानं दुखावलं नाही. मांड्या भरून आल्या, गुडघे ठणकले, चढावर उतरून सायकल ढकलावी लागली. काका जिन्यात टेकले आणि म्हणाले, ‘आता वय झालं रे.’ बाई, इथे मात्र मी आपल्याला मानलं! चोरानं तिजोरी साफ करावी आणि मालकानं ‘माझीच मोजायची चूक झाली असेल’ म्हणावं, अशी किमया फार थोड्यांना साधते. जोर खाल्लात आपण, हिशेब लिहिला गेला काकांच्या वयाच्या खात्यावर. पुण्यातल्या बाल्कन्यांमध्ये कपडे वाळत घालायला उभ्या असलेल्या सायकली जरा मोजून बघा. त्यातल्या कितीतरींच्या मालकांना आजही वाटतं की आपणच संपलो.

वर आपला दावा मोठ्या घराण्याचा. ते घराणं खरोखर मोठं आहे. कॅलिफोर्नियात मरिन काउंटीतल्या माउंट टॅमल्पाइसच्या उतारांवर १९७० च्या दशकात काही मंडळी जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन सुसाट उतरायची. १९७६ मध्ये त्याच काउंटीत ‘रिपॅक’ नावाची शर्यत सुरू झाली. त्या सायकलींना शॉक पुढे नव्हता आणि मागेही नव्हता. पुढच्या चिमट्यातला शॉक रॉकशॉक्स कंपनीनं १९८९ च्या सुमारास बाजारात आणला. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या दुरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. मागच्या शॉकला मात्र शर्यतीत बस्तान बसवायला फार वेळ लागला, कारण पायडलचा जोर न खाता फक्त धक्का खाईल असे सांधे जुळवणं हेच अवघड होतं. ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९९६ ला आला. २००४ आणि २००८ ची सुवर्णपदकं ज्युलियाँ अब्सालाँनं मागे शॉक नसलेल्या सायकलवर मिळवली. २०१२ ला लंडनमध्ये यारोस्लाव्ह कुलहावी फुल सस्पेन्शनवर, म्हणजे पुढेमागे दोन्हीकडे शॉक असलेल्या सायकलवर, पहिला आला. जगातले सगळ्यांत तयार पाय आणि सगळ्यांत महाग यंत्रं हाताशी असताना ज्याला एवढी वर्षं लागली, ते आपण दहा-पंधरा हजारांत, घंटी आणि स्टँडसकट करून दाखवता. बडा घर, पोकळ वासा.

आपल्या खऱ्या नातेवाइकांशी माझं काही भांडण नाही, हेही सांगून टाकतो. सह्याद्रीतल्या मुरमाच्या, सुट्या दगडांच्या गाडीवाटांवर चांगली फुल सस्पेन्शन सायकल म्हणजे चैन नव्हे. मागचं चाक जमिनीला धरून राहतं, म्हणून चढावर ते फिरकी घेत नाही. उतारावर जरा चुकीची वाट पकडली तरी ती सांभाळून घेते. खूप वर्षांनी परतलेल्या माणसाला त्याहून जास्त काय हवं? पण तिचा दिमाख वेगळा आणि खर्चही वेगळा. किंमत लाखाच्या पुढे जाते, बहुधा चांगलीच पुढे. मागच्या शॉकमध्ये स्प्रिंगऐवजी बहुतेकदा हवा असते. ती शॉकच्या खास पंपानं आपापल्या वजनाप्रमाणे भरायची. सीटवर बसल्यावर शॉक त्याच्या एकूण चालीच्या २५ ते ३० टक्के दबला पाहिजे, आणि ते मोजायला दांडीवर एक रबरी रिंग असते. साधारण ५० तास चालवली की हवेचा डबा उघडून साफ करायचा. सांध्यांत बुश नव्हे, बेअरिंग, आणि तीही बदलावी लागतात. हे सगळं करणारा कारागीर गावात नसेल तर सायकल घेण्याआधी तो शोधायचा.

तेव्हा काकांसारख्या परतणाऱ्या मंडळींना आपल्या परवानगीशिवाय चार गोष्टी सांगतो. आधी ठरवा, चालवणार कुठे. सकाळी खडकवासल्यापर्यंत जाऊन यायचं असेल तर मागचा शॉक नकोच. २ इंचांच्या आसपास रुंद टायर घ्या आणि हवा दगडासारखी टणक न करता टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत थोडी कमी ठेवा. पुण्याचे खड्डे निम्मे तिथेच जिरतात. टेकडीवर जायचं असेल तर फक्त पुढे १०० ते १२० मिलीमीटर चालीचा, डॅम्पर असलेला आणि चढावर बंद करता येणारा चिमटा पाहा. उरलेले पैसे हायड्रॉलिक ब्रेकवर घाला. रानवाटांचा नाद खरंच लागला आणि खिसाही तयार असला, तर मग फुल सस्पेन्शन घ्या, पण १२० ते १३० मिलीमीटरची. २०० मिलीमीटरवाल्या सायकली डोंगरावरून उड्या मारणाऱ्यांसाठी असतात. आणि दुकानात सीट दाबली की हात झटकन उचलून बघा. सायकल सावकाश वर आली तर आत तेल आहे. टुणकन उडाली तर आपण आहात.

राहता राहिली शिक्षा. आपल्याला भंगारात घालावं इतका काही मी निष्ठुर नाही. दाबलं की लवायचं आणि सोडलं की उसळायचं, हा आपला गुण अस्सल आहे, फक्त जागा चुकली. एखाद्या सोफ्यात नोकरी धरा. तिथे बसणाऱ्याला कुठेच जायचं नसतं.

कळावे.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा एक शेजारी

ता. क. काकांच्या सायकलवरून आपल्याला काढून तिथे लोखंडी पट्टी ठोकायचा बेत होता. पण गल्लीतल्या मिस्त्रीनं हात जोडले. ‘साहेब, सगळी फ्रेमच हिच्या तालावर बनवलीय. त्यापेक्षा साधी सायकल घ्या, आयुष्यभर चालवाल.’ सायकलच्या दुकानात आपलं गुणगान करणाऱ्या कुणाहीपेक्षा तो माणूस जास्त शिकलेला निघाला.