खंडानंतर रुजू होताना: ऑनलाइन कार्यालयीन प्रशिक्षणाचा शोध (कुपवाड एमआयडीसीच्या विशेष संदर्भासह)

बाळंतपण, बदली किंवा सासूबाईंचे आजारपण यांमुळे सुटलेली ऑफिसातली नोकरी पुन्हा धरायची असेल, तर आधी एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र शोधावे लागते. ते बहुधा रेशनकार्डाच्या पिशवीत, मुलांच्या लसीकरणाच्या कार्डाखाली सापडते. 2001 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या या अभ्यासक्रमाने गावोगावच्या लाखो हातांना माउस धरायला शिकवले. प्रमाणपत्र लॅमिनेट केलेले असल्याने टिकते. ज्ञानाला ती सोय नाही.

पुढची पायरी खंड मोजण्याची. तो वर्षांत मोजू नये, टॅलीत मोजावा. टॅली ईआरपी 9 मध्ये व्हॅटचे हिशेब लिहून जी उमेदवार उठली, तिच्यासमोर परतल्यावर टॅलीप्राइम उघडते. मधल्या काळात 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला. त्यामागून ई-वे बिल आले. कुपवाडहून पन्नास हजारांवरचा माल कर्नाटकात धाडायचा, तर एरवी त्यावाचून गाडी हलत नाही. मात्र एफ-8 म्हणजे विक्री आणि एफ-9 म्हणजे खरेदी, हे नव्या टॅलीतही तसेच राहिले आहे. बोटांना ते आठवते. सांगायला डोके लागत नाही.

यानंतर प्रत्यक्ष शोध. ‘घरबसल्या एक्सेल शिका’ असे टाइप केले की सात दिवसांत तज्ज्ञ करणारे अनेक गुरू हजर होतात. काहींच्या पानावर लाल आकड्यांचे घड्याळ उलटे धावत असते: सवलत दहा मिनिटांत संपणार. पान बंद करून पुन्हा उघडल्यास दहा मिनिटे पुन्हा ताजी होतात. ‘मोफत’ या शब्दाचा अर्थ प्रमाणपत्र मागेपर्यंत मोफत, असा घ्यावा. या टप्प्यात उमेदवार चाळीसेक व्हिडिओ ‘नंतर पाहू’मध्ये साठवते आणि अभ्यास झाल्याचे समाधान मिळवते.

खरोखर फुकट आणि मराठीतून शिकायचे असल्यास मुंबई आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. त्यात लिबरऑफिसचे धडे मराठी आवाजात मिळतात. एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा. पडद्याच्या एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला प्रोग्रॅम उघडून सोबत करत जायचे, ही त्यांची रीत. लिबरऑफिसमधले कॅल्क एक्सेलच्या इतके जवळचे आहे की बेरीज, सॉर्ट, फिल्टर एकदा हाताखालून गेले की एक्सेलही परके राहत नाही. पण या धड्यांना लाल घड्याळ नसल्याने अनेकांना हा खरा क्लास वाटतच नाही. शिवाय नुसत्या मोबाइलवर बघून हे जमत नाही. संगणक लागतो, आणि घरातला लॅपटॉप दहावीच्या ‘प्रोजेक्ट’साठी राखीव असतो. दुपारची भांडी झाल्यापासून शाळा सुटेपर्यंतचा वेळ त्यासाठी सर्वमान्य आहे. त्याच वेळी कुरिअर येते.

सरावाला भिशीची वही उत्तम. एक्सेलच्या एका शीटमध्ये 10,48,576 ओळी असतात. भिशीला बारा पुरतात. कोणी किती भरले, कोणाचे राहिले, हे फिल्टर लावून काढावे; पुढे व्ही-लुकअप आणि पिव्होट टेबल. निकाल सभासदांना दाखवावा की नाही, हा प्रशिक्षणाबाहेरचा प्रश्न.

ज्या कंपनीत जायचे तिथे काय चालते, ही चौकशी वास्तविक सर्वांत आधी करायची. प्रथेप्रमाणे ती शेवटी केली जाते. फाउंड्री असो वा बेदाण्याचे कोल्ड स्टोरेज, केबिनमधले प्रश्न साधारण सारखेच: टॅली येते का, एक्सेल येते का, गाडी आहे का? सर्वांत जास्त चालणारे सॉफ्टवेअर व्हॉट्सॲप असते, कारण बिलाचा फोटो त्यावर येतो, तोही आडवा. त्याचा कोर्स अद्याप कोणी विचारत नाही. होकार मिळाल्यास सोमवारपासून बोलावतात, आणि उरलेले प्रशिक्षण तिथले जुने अकाउंटंट काका देतात, समोर बसवून, इंटरनेटशिवाय.