जरा मागचं पान घ्या

डीटीपीवाल्या काकांच्या की-बोर्डवरची बरीचशी अक्षरं पुसून गेलेली असतात. त्याचं त्यांना काही वाटत नाही, कारण ती अक्षरं इंग्रजी आणि काका टाइप करतात मराठी. ‘पेज अप’ आणि ‘पेज डाउन’ या दोन बटणांना मात्र मूळ रंगही उरलेला नसतो. एक बटण मधूनमधून रुतून बसतं, ते काका नखानं वर काढतात आणि पुढच्या पानावर जातात.

पुण्यात नारायण पेठ, सदाशिव पेठ, मुंबईत गिरगाव, दादर, नाहीतर तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानामागची खोली. काका सगळीकडे सारखेच. वय पन्नाशीच्या पलीकडे, चष्मा कपाळावर, खिशात लाल पेन आणि दोन पेनड्राइव्ह. पैकी एक बंद पडलेला, पण त्यात कुणाचा तरी काव्यसंग्रह आहे म्हणून टाकवत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत दोन कॉम्प्युटर, लेझर प्रिंटर, ट्रेसिंगची रिमं, भिंतीवर कागदवाल्याचं कॅलेंडर. आणि काकांच्या डाव्या हाताला एक जादा खुर्ची. मराठी साहित्याचा बराचसा भाग या खुर्चीत बसून अखेरचा दुरुस्त झालेला आहे, हे साहित्याच्या इतिहासात कुठे नमूद नाही.

काकांचा संसार उभा आहे तो पेजमेकरवर. हे सॉफ्टवेअर १९८५ साली अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या आल्डस कंपनीनं मॅकिंटॉशसाठी काढलं. कंपनीचा संस्थापक पॉल ब्रेनर्ड वर्तमानपत्रांच्या जुळणीयंत्रणांच्या धंद्यातून आलेला. ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हे नावही त्याचंच, आणि कंपनीला नाव दिलं ते व्हेनिसच्या जुन्या मुद्रकाचं, आल्डस मॅन्युशियसचं. १९९४ मध्ये आल्डस अडोबीत विलीन झाली, २००१ मध्ये पेजमेकरची ७.० ही आवृत्ती आली आणि ती शेवटचीच ठरली. २००४ साली कंपनीनं पुढचं काम थांबवलं. काकांना हे कुणी कळवलं नाही. कळवलं असतं तरी दिवाळी अंकाच्या गडबडीत त्यांनी ऐकून घेतलं नसतं.

पेजमेकरला काका चिकटून राहिले याचं कारण निष्ठा नव्हे, फॉन्ट. श्री-लिपी असो की सी-डॅकचं आयएसएम, त्या जमान्यातल्या मराठी फॉन्टांनी देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवले होते. म्हणजे पेजमेकरच्या समजुतीनं काका गेली कित्येक वर्षं निरर्थक इंग्रजी टाइप करत आहेत. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे फाइल उघडली, की आत्मचरित्राच्या जागी नुसते कंस, टक्के आणि डॉलर दिसतात. एरवी पुस्तकावर मत न देणारे काका अशा वेळी पडद्याकडे बघून म्हणतात, ‘आशय तोच आहे.’

आता काकांची मूळ कला, हवं ते पान गाठण्याची. पेजमेकरमध्ये पडद्याच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यापासून पानांच्या चिमुकल्या खुणा ओळीनं येतात. आधी डावं आणि उजवं अशी दोन मास्टर पानं, मग नंबर घातलेली बाकीची. हव्या त्या नंबरावर क्लिक केलं की पान हजर. सोय चांगली, पण बारा पानी स्मरणिकेपुरती. २४८ पानांची कादंबरी आली की खुणा पडद्यात मावत नाहीत, मग टोकाच्या बाणावर टिचक्या मारत बसावं लागतं. ते काम काकांनी नवशिक्यांसाठी राखून ठेवलेलं आहे. स्वतः ते कंट्रोल-ऑल्ट-जी दाबतात, येणाऱ्या चौकटीत १८३ टाइप करतात आणि एंटर मारतात. लेखकाचं ‘ते... आपलं... ते हे पान’ म्हणून व्हायच्या आत पान समोर असतं. पेजमेकरच्या एका फाइलीत ९९९ पानं मावतात. मराठीत ही मर्यादा फक्त एखादा संशोधकच गाठू शकतो, आणि त्याला काका वेळीच ग्रंथाचे खंड पाडण्याचा सल्ला देतात.

काकांची एक सवय नवख्या माणसाला चक्रावून टाकते. काही मोठा बदल करायचा असला, तीन कॉलमचे दोन करायचे किंवा खालचा फोटो वर घ्यायचा, की काका आधी पुढच्या पानावर जातात आणि काहीही न करता परत येतात. बघणाऱ्याला वाटतं, काका वाट चुकले. खरी गोष्ट अशी की पेजमेकरमध्ये ‘अंडू’ एकाच पावलापुरता आहे. दुसरी चूक केली की पहिली पक्की. पण पान उलटलं की पेजमेकर मुकाट्यानं एक छोटी नोंद करून ठेवतो, तिला मिनी-सेव्ह म्हणतात. शिफ्ट दाबून ‘रिव्हर्ट’ घेतलं की फाइल त्या नोंदीपाशी परत येते. लोडशेडिंगच्या काळात ज्यांचा यूपीएस तीन मिनिटं टिकायचा त्यांना ही युक्ती कुणी शिकवावी लागली नाही.

शिफ्टची दुसरी करामत काका खास माणसांसाठी ठेवतात. शिफ्ट धरून ‘गो टू पेज’ निवडलं की पेजमेकर सगळं पुस्तक एकेक पान करत आपोआप दाखवत जातो, क्लिक करेपर्यंत थांबत नाही. दोन तास होऊनही न उठणाऱ्या लेखकासमोर काका हा खेळ लावतात आणि चहाला जातात. लेखक आपलंच पुस्तक सरकताना मुग्ध होऊन बघत राहतो. काका परत येतात तेव्हा तो समाधानी असतो, पण तरी म्हणतो, ‘मधे एक पान गेलं बघा, त्यात काहीतरी होतं.’

काका पुस्तक वाचत नाहीत. वाचत बसलं तर धंदा व्हायचा नाही. पण दुरुस्त्या करता करता पुस्तकाचा भूगोल त्यांच्या बोटांत शिरतो. लेखकाला प्रसंग आठवतो, काकांना जागा, आणि या दोन स्मरणशक्तींची गाठ जादा खुर्चीपाशी पडते.

‘काका, ते आजोबा वारतात ना, ते पान जरा घ्या.’

‘पान नंबर?’

‘नंबर नाही आठवत. पण डावीकडे होतं, वरच्या बाजूला.’

‘सर, तुमच्या कादंबरीत तीन आजोबा वारलेत. ४२, ११६ आणि २०३. २०३ उजवं आहे, ते सोडा. ४२ घेऊ की ११६?’

‘पाऊस पडत असतो बघा.’

‘दोन्हीकडे पडतो.’

कवी मंडळींचं वेगळं. त्यांना मजकूर बदलायचा नसतो, कविता वर-खाली करायची असते. ‘किंचित खाली. अजून. नाही, आता पहिल्यासारखी.’ पहिली जागा कुठली होती हे काकांनी आधीच पान उलटून नोंदवून ठेवलेलं असतं. काका मनापासून मानतात ते फक्त मुद्रितशोधक बाईंना. बाई खुर्चीत टेकतसुद्धा नाहीत. ‘७२, खालून सहावी, ‘कि’ दीर्घ करा. ७३, वरून दुसरी, पूर्णविराम.’ काकांची बोटं आणि बाईंचा आवाज एका लयीत चालतात, वीस मिनिटांत आठ फॉर्म संपतात. दोघांत याहून जास्त बोलणं झालेलं कुणी ऐकलेलं नाही.

काकांचा खरा कस लागतो तो गणपतीपासून नवरात्रापर्यंत. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि महाराष्ट्राला एक सुंदर परंपरा लावून दिली. मित्रांच्या काळात ती निस्तरायला कंपोझिटर होते, आता काका आहेत. लेख जुलैपासून येतात, जाहिराती मात्र अंक मशीनवर चढायच्या आदल्या रात्री. जाहिरातदाराला उजवंच पान हवं असतं, कारण अंक चाळताना नजर तिथे आधी पडते. आणि ते रंगीतही हवं असतं. नेमकं ते पान काळ्या-पांढऱ्या फॉर्मात असतं.

मधेच पूर्ण पानाची एक जाहिरात घुसली की तिच्यापुढची सगळी डावी पानं उजवी होतात आणि उजवी डावी. जोडपानावर पसरलेला एखादा गडाचा फोटो असतो, त्याचा बुरूज ६३ वर आणि तटबंदी मागच्या बाजूला ६४ वर जाऊन पडते. मग काका संपादकांना विचारतात, ‘एक पान वाढवता की एक पान मारता?’ वाढवायचं तर पानपूरक लागतं. संपादकांच्या पिशवीत वाट बघत पडलेल्या कवितांचं नशीब त्या एका प्रश्नानं उघडतं. मारायचं ठरलं तर बळी जाते तीही कविताच. कित्येक कवी दिवाळी अंकात आले किंवा राहिले ते कुठल्याशा पतसंस्थेच्या शुभेच्छांमुळे, हे त्यांना कधीच कळत नाही. अंकात कविता छापून आल्यावर ते काकांना पेढे देतात. काका पेढा घेतात.

त्यातच प्रेसमधून फोन येतो, ‘काका, ५ च्या शेजारी कोण?’ काका मान न वळवता सांगतात, ‘१२.’ सोळा पानी फॉर्मात कागदावर शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज सतरा असते, आठ पानी फॉर्मात नऊ. १ शेजारी १६, ४ शेजारी १३. पेजमेकरमध्ये पानं अशी लावून देणारं ‘बिल्ड बुकलेट’ आहे, पण एकदा त्यानं कोरं पान मधे घातलं तेव्हापासून काका ते मेनूत आहे एवढंच मान्य करतात. अनुक्रमणिका अर्थातच सगळ्यात शेवटी. तरीही ती आणि अंक यांच्यात दर वर्षी एका लेखाचा फरक राहतो, आणि त्या लेखाचा लेखक न चुकता फोन करतो.

अलीकडे भाचा हाताखाली आला आणि त्यानं दुसऱ्या मशीनवर इनडिझाइन घातलं. ते तसं १९९९ पासून आहे, पण २०१२ च्या सीएस-६ आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवण्याची सोय आल्यावर मराठीवाल्यांचं लक्ष तिकडे गेलं. ‘मामा, इथे कंट्रोल-जे दाबलं की झालं. एक बटण वाचलं,’ भाचा म्हणतो. काकांनी आयुष्यात किती बटणं वाचवायची याचा हिशोब कधी केलेला नाही. एफ-१२ दाबलं की बाजूला सगळ्या पानांची लहान चित्रं येतात. ती काकांना आवडली, पण एका चित्रावर क्लिक केलं तर पान निवडलं जातं आणि पडद्यावर जुनंच राहतं, उघडायला दोन क्लिक लागतात. डोळ्यांसमोर १२, निवडलेलं ६०, आणि अशा वेळी कचऱ्याच्या डब्याकडे हात गेला की ६० गायब. भाचा म्हणाला, ‘मग अंडू करायचं, कितीही वेळा होतं.’ ‘कितीही वेळा चुकायची सोय केलीय म्हण,’ काका म्हणाले आणि त्यांनी सवयीनं पान पुढे-मागे केलं. इनडिझाइनवर त्याची गरज नव्हती.

खुर्ची मात्र हल्ली रिकामी असते. लेखक आता घरूनच पीडीएफ बघतो आणि दुरुस्त्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. कधी पडद्याचा तिरपा फोटो, कधी प्रवासात बोललेला निरोप, ज्यात दुरुस्तीपेक्षा गाडीचा आवाज मोठा. पण काकांना छळते ती पानांची नवी मोजणी. मराठी पुस्तकात सुरुवातीच्या पानांवर आकडे नसतात, ‘पाच’, ‘सहा’, ‘सात’ असे शब्द असतात, आणि १ पासूनचे आकडे खरा मजकूर लागल्यावर. पीडीएफला ही रीत ठाऊक नाही. तिच्या दृष्टीनं मुखपृष्ठ हेच पान १. मुखपृष्ठाचं एक आणि प्रस्तावना-अर्पणपत्रिकेची बारा मिळून तेरा पानांचा फरक पडतो. लेखकानं ‘पान ३१’ म्हटलं की काका मनात तेरा वजा करून १८ उघडतात. हे इतकं अंगवळणी पडलंय की किराणा दुकानाच्या बिलातूनही ते तेरा वजा करतील अशी काकूंना भीती वाटते.

मग एक हुशार लेखक भेटतो. निवृत्त ऑडिटर. त्याला हा फरक स्वतःहून कळलेला असतो आणि काकांचे कष्ट वाचावेत म्हणून तो तेरा वजा करूनच पाठवतो: ‘पान १८, वरून चौथी ओळ, ‘तो’चं ‘ती’ करा, पुढची क्रियापदंही.’ काका शिस्तीनं १८ मधून तेरा काढतात आणि ५ वर जातात. तिथेही वरून चौथ्या ओळीत ‘तो’ असतोच, मराठी कादंबरीत कुठे नसतो! त्याची ‘ती’ होते, क्रियापदं होतात, पान उलटतं, मिनी-सेव्ह होतो. पाचव्या पानावर नायकाचे वडील सकाळी खिडकीत आरसा टेकवून दाढी करत असतात.

पुस्तक छापून येतं. रात्री साडेनऊला लेखकाचा फोन येतो. आवाज कापत असतो. ‘काका, पान ५ उघडा. आत्ताच्या आत्ता उघडा.’

काका जेवता जेवता उठतात, चष्मा कपाळावरून खाली घेतात आणि शांतपणे विचारतात, ‘पाच म्हणजे पीडीएफचं की पुस्तकाचं?’