नाना बूड पाहतात

नानांच्या हातात कपबशी दिली की ते आधी ती उलटी करून बूड बघतात. चहा ओतलेला असला तर कप डोक्याच्या वर धरतात आणि खालून बघतात. सुनेला आधी वाटलं, आपल्या भांड्यांवर यांचा विश्वास नाही. मग लक्षात आलं की अविश्वास सरसकट आहे. औषधाची बाटली, नातवाची मोटार, देवळातून आलेला प्रसादाचा डबा, कशाचीच सुटका नाही. दह्याच्या डब्यात उरलेली आमटी ठेवलेली सापडली तर नाना डबा ओट्यावर आपटून सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणतात, “रिलोड!”

खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत सबंध नोकरी एक्झामिनर म्हणून काढलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? १८६९ साली सुरू झालेल्या त्या कारखान्याबद्दल नाना घराण्याबद्दल बोलावं तसं बोलतात. ‘पास’ हा शब्द त्यांच्या तोंडून नाइलाजाने निघतो, ‘रिजेक्ट’ म्हणताना मात्र आवाज खुलतो. लेकाच्या लग्नासाठी मुलगी पाहून आल्यावर ते “हरकत नाही” एवढंच म्हणाले होते. त्यांच्या हिशोबी ती सुवर्णपदकाची शिफारस होती, असं काकू अजून सुनेला पटवून देत असतात.

अशा माणसाला लेकाने ओहायोला आणलं. तिथे एका रविवारी मेळ्याच्या मैदानावरच्या लांबलचक शेडमध्ये जुन्या बंदुकांचा बाजार भरला होता. लेक स्वतः आला नाही, मला सोबत दिलं. निघताना त्याने नानांना सतरा वेळा बजावलं, “पाहुणा म्हणून व्हिसावर आलेल्या माणसाला इथे काडतूस जवळ बाळगता येत नाही. एखाददुसरा अपवाद आहे, तुम्ही त्यात बसत नाही. हात लावायचा नाही!” नानांनी शब्द पाळला. दोन्ही हात पाठीमागे बांधून, चष्म्यावर भिंगाची जोड अडकवून, ते टेबलांमधून फिरू लागले. त्या पवित्र्यात ते साक्षात इन्स्पेक्शनला आलेले जनरल मॅनेजर दिसत होते. लोक आपणहून वाट देत होते.

एका टेबलावर पाटी होती: ‘ओरिजिनल मिलिटरी सरप्लस, दुसरं महायुद्ध’. मागे बेसबॉलची टोपी घातलेला पांढऱ्या दाढीचा म्हातारा. नाना कमरेत वाकले आणि अदबीने म्हणाले, “मिस्टर, प्लीज टर्न.” म्हाताऱ्याने थर्टी-ऑट-सिक्सचं एक काडतूस उचलून बूड वर केलं. मग दुसरं. मग तिसरं. सराफाकडे अंगठ्या दाखवाव्यात तसा बिचारा एकेक नग फिरवत बसला.

“हे बघ,” नाना मला मराठीत म्हणाले, “एल सी. म्हणजे लेक सिटी, मिझुरीचा कारखाना, १९४१ सालचा. हे एफ ए. फ्रँकफर्ड आर्सेनल, फिलाडेल्फिया. हे टी डब्ल्यू, ट्विन सिटीज. अरे, तीन गावची पोरं एका खोक्यात कशी जन्मली?”

पुढची दहा मिनिटं पोस्टमॉर्टेम चाललं. काडतुसाच्या मानेकडचं पितळ तापवून मऊ केलेलं असतं, नाहीतर तिथे तडा जातो. त्या तापवण्याचा निळसर-तपकिरी डाग लष्करी मालावर मुद्दाम राहू देतात. तो दिसला म्हणजे ते काम झालं, हा पुरावा. इथे माना नव्या समईसारख्या लखलखत होत्या. “मक्याच्या कणसाच्या भुशात घोळवलंय,” नाना म्हणाले. मग बुडाच्या मधली कॅप. लष्करी काडतुसात ती धक्क्याने निखळू नये म्हणून कडेचं पितळ दाबून पक्की केलेली असते. जुनी कॅप काढून नवी बसवायची तर ती दाबलेली कड कापावी किंवा दाबून मागे सारावी लागते. भिंगाखाली कापल्याची तिरपी कड साफ दिसत होती. वर कडेला एका बंदुकीच्या पकडीचे दोन-दोन ओरखडे. म्हणजे हा नग किमान एकदा चेंबरमध्ये जाऊन आलेला.

इथे नानांवर अन्याय व्हायला नको. काडतुसाची रिकामी पितळी केस पुन्हा भरणं, म्हणजेच ‘रिलोड’, हा अमेरिकेत राजरोस छंद आहे. काडतुसातली महाग गोष्ट म्हणजे पितळ, ते वाया कोण घालवील? लोक गॅरेजमध्ये हाताच्या प्रेसवर बसून शंभर-शंभर भरतात, आणि नानांना त्या उद्योगाचं कौतुकच आहे. त्यांचा राग पाटीवर होता. आत बारूद कुठली आणि किती, हे फक्त भरणाऱ्याला ठाऊक. मोजमाप ग्रेनमध्ये, एक ग्रेन म्हणजे साधारण पासष्ट मिलिग्रॅम. चुकीची बारूद किंवा दुप्पट माप पडलं की बोल्ट फुटतो, आणि त्या वेळी नेम धरणाऱ्याचा गाल बोल्टपासून वीतभर अंतरावर असतो.

“रिजेक्ट,” नाना म्हणाले. म्हाताऱ्याला शब्द कळला.

पण म्हातारा खिलाडू निघाला. त्याने टेबलाखालून एक जुनं खोकं काढलं. आत थ्री-नॉट-थ्री. पहिल्याच नगाचं बूड वर आलं आणि नानांचे बांधलेले हात सुटता सुटता राहिले. ‘के’ आणि ‘एफ’, मधे सरकारी बाण, सन ४३, आणि रोमन सात.

“खडकी!” नाना म्हणाले. त्यांच्या जन्माच्या आधीचं काडतूस, पण पुण्याहून इतक्या लांब घरचं माणूस भेटलं होतं. कॅपभोवती जांभळ्या लाखेचं कडं शाबूत, म्हणजे साधी गोळी, कॅपही मूळची. मला वाटलं, आज ‘पास’ ऐकायला मिळणार.

“मिस्टर, शेक. निअर इयर.”

म्हाताऱ्याने काडतूस कानाशी नेऊन हलवलं. आत खुळखुळलं. नानांचा चेहरा उतरला. नुसता रोमन सात म्हणजे आत कॉर्डाइट, दुसरी बारूद असती तर पुढे झेड हवा. कॉर्डाइटच्या लांब काड्यांची जुडी असते, वर पुठ्ठ्याची चकती. जुडी आत घालून मगच केसची मान आवळायची, अशी रीत. खुळखुळायला तिथे सुटा दाणा असतोच कुठे? नाना काडतुसाच्या टोकाकडे वळले. टोकाला उघडं शिसं! पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत, हे हेगला १८९९ सालीच ठरलं, आणि ती बोंब झाली होती आपल्याच दमदमच्या कारखान्यावरून. ४३ सालच्या लष्करी काडतुसाला शिकारीची गोळी येईलच कशी?

“धड खडकीचं, डोकं भलत्याचं. गणपती केलाय रे याचा!” नाना कळवळून म्हणाले. “आणि कॅप तीच जुनी. क्लोरेटवाली. उडवल्यावर नळीत मीठ धरतं. उकळतं पाणी ओतून धुतली नाही तर गंज ठरलेला. म्हणजे नव्याचा भरवसा नाही आणि जुन्याचा त्रास आहेच.”

हे सगळं मी इंग्रजीत सांगितलं. म्हाताऱ्याने दाढी खाजवली, पाटीवरचं ‘ओरिजिनल’ खोडून ‘रिलोड’ लिहिलं आणि भाव निम्मा केला. नाना म्हणाले, असं चालत नाही, रिजेक्ट मालावर एक्झामिनरची सही लागते. म्हाताऱ्याने मुकाट्याने पेन पुढे केलं. नानांनी दोन्ही खोक्यांच्या चिठ्ठीवर मोडीसारख्या वळणाची सही ठोकली, खाली तारीख, आणि ‘खडकी’.

शेजारी उभा असलेला एक दणकट गडी हे सगळं कान देऊन ऐकत होता. त्याने थ्री-नॉट-थ्रीचं खोकं उचललं आणि विचारलं, सही खरी आहे का. खरी असेल तर तो पाच डॉलर जास्त द्यायला तयार होता.

म्हाताऱ्याने नानांकडे पाहिलं आणि टेबलाखालून आणखी चार खोकी बाहेर काढली.